कुंपणालगतचं गवत

शिलाई मशिनी दुरुस्त करणाऱ्या काकांना आपल्या कानांचा भारी अभिमान. गिऱ्हाईक मशीन घेऊन दारात आलं की काका चाक एकदा फिरवत आणि झाकण न उघडताच सांगत, "शटल झिजलंय." सगळा जन्म असा खडखडाटात गेला. त्यातून कानांना विसावा म्हणून संध्याकाळी ते पाण्याच्या टाकीमागच्या गवताकडे जात, नाकतोडे ऐकायला. हो, ऐकायलाच. गवतात पाऊल टाकलं की मोठे टणाटण उडतात आणि पिल्लं पायाखाली येतात, म्हणून काका आपले कठड्यावर बसत आणि डोळे मिटून घेत. मागचे पाय पंखांवर घासत नर गाऊ लागले की स्वारी खूश. बायको म्हणे, "लोक गाणं ऐकायला जातात, आमचे हे किडे ऐकायला!"

टाकीच्या आवारातल्या माळ्याशी त्यांचं ठरलेलं होतं. तो कापणीचं मशीन फिरवून सगळं गवत भुईसपाट करी, वर औषध फवारी. पण कुंपणालगतची पट्टी काकांच्या शब्दाखातर सोडून देई. तिथल्या मातीत अंडी असतात, गवत गेलं तर पिल्लांना ना खायला ना लपायला, हे काकांनी मागे लागून लागून त्याच्या गळी उतरवलं होतं.

यंदा पट्टी गप्प होती. काका रोज जाऊन बसत. गवत हिरवंगार, पण आवाज नाही. त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी तडक माळ्याला गाठलं.

"औषध मारलंस ना तिथे? खरं सांग."

"आईशप्पथ काका, पंप त्या बाजूला नेलाच नाही."

"माझ्या कानांना फसवतोस?"

माळी मान खाली घालून निघून गेला. काकांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

एका संध्याकाळी ते घराची किल्ली खिशात घालून निघाले, म्हणून बायको धापा टाकत मागोमाग टाकीपर्यंत आली. "हाका मारून घसा बसला माझा! आणि काय ही किरकिर! डोकं कसं उठत नाही तुमचं?"

"कसली किरकिर?"

"अहो, तुमच्या नाकतोड्यांची. दुसरी कसली?"

काका कठड्यावरून उठले आणि कधी नव्हे ते जपून गवतात शिरले. गुडघे टेकून त्यांनी पाती हळूच बाजूला केली. एक हिरवा नाकतोडा जिवाच्या आकांताने पाय घासत होता. शेजारी आणखी एक. काकांना हसूच फुटलं. आहेत, जिवंत आहेत! मग त्यांनी कान अगदी जवळ नेला. काही नाही. त्यांचे डोळे भरून आले. बायको खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. टीव्हीच्या आवाजावरून घरात चाललेल्या भांडणांचा विषय तिने तेव्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी माळी पाईप गुंडाळत होता. काकांना पाहून तो लांबूनच काहीतरी बोलला. एरवी काकांनी अंदाजाने मान हलवली असती. आज ते त्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

"मोठ्याने बोल रे बाबा," ते म्हणाले, "मला ऐकू येत नाही."