घड्याळांच्या जाहिरातीला उत्तर देऊ नये

मुक्त विचारविनिमय हा संस्कृतीचा प्राण आहे आणि त्या प्राणाचं रक्षण करणं हे प्रत्येक सुजाण माणसाचं आद्य कर्तव्य आहे. हे वाक्य इंटरनेटवरच्या आमच्या मराठी चर्चास्थळाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत होतं. त्याच्या लगेच खाली, बरेच महिने, परदेशी मनगटी घड्याळांची जाहिरात होती.

चर्चास्थळ सरांनी काढलं. सर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यांना नवीन श्रोते हवे होते. तेव्हा शहराबाहेर काचेच्या इमारती उठत होत्या, ओळखीतल्या प्रत्येक घरातलं एक तरी मूल संगणकाच्या नोकरीत होतं, आणि त्या मुलांनी आईवडिलांना दिलेले जुने संगणक दिवाणखान्यात भरतकामाच्या कव्हराखाली झाकलेले असत. या संगणकांना विचार पुरवले पाहिजेत, असं सरांचं म्हणणं होतं.

संपादक मंडळात आम्ही तिघं. सर, मी, आणि अकोल्याहून नोकरीसाठी पुण्यात आलेला एक अभियंता. त्याच्याकडे सगळं तांत्रिक काम होतं, म्हणजे सगळंच काम होतं. रविवारी सकाळी मार्केट यार्डामागे सरांच्या फ्लॅटवर बैठक भरे. खिडकी उघडली की कांद्याचा वास येई आणि बंद केली की सरांचा आवाज घुमे. आम्ही ती उघडी ठेवत असू.

आमच्याकडे एकेका विषयावरच्या चर्चेला धागा म्हणत. ज्या धाग्यावर ताजं उत्तर आलं, तो आपोआप यादीत सगळ्यांत वर येई. ही सोय चांगल्या चर्चा जिवंत राहाव्यात म्हणून केलेली होती. तिचा फायदा प्रथम घड्याळांना झाला.

घड्याळं, वजन उतरवणाऱ्या गोळ्या, परीक्षेशिवाय पदवी. रोज कुठलातरी नवा आयडी येई आणि जाहिरात टाकून जाई. दुसऱ्या एखाद्या गावातल्या लोकांनी तिकडे दुर्लक्ष केलं असतं. आमचे सदस्य उत्तर देत. पदवीच्या जाहिरातीखाली एकाने लिहिलं, "परीक्षेशिवाय पदवी आमच्याही वेळी मिळत असे, फक्त त्यासाठी संचालकांचा भाचा असावं लागे." गोळ्यांच्या जाहिरातीखाली एका डॉक्टरांनी चार परिच्छेद लिहिले आणि त्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी सहा. या सगळ्यांत पुढे होते येरवड्याला राहणारे एक निवृत्त लेखापरीक्षक. आयुष्यभर सरकारी कार्यालयांचे हिशेब तपासल्यामुळे त्यांना कुठलंही विधान आक्षेप घेतल्याशिवाय सोडवत नसे. घड्याळवाल्याला त्यांनी विचारलं होतं, "सवलत मूळ किमतीवर आहे असे म्हटले आहे. मूळ किंमत कोणत्या अधिकारात ठरवली? खुलासा करावा."

खुलासा आला नाही, म्हणून त्यांनी स्मरणपत्र टाकलं. मग दुसरं. घड्याळं वरच राहिली.

"सर, हे कोणी वाचत नाही," अभियंत्याने एका रविवारी सांगितलं. "तिकडे माणूसच नाही. यंत्र आहे."

"यंत्र असलं म्हणून काय झालं? चुकीचं विधान अनुत्तरित राहता कामा नये."

"पण उत्तर दिलं का तो धागा वर येते न. तुम्हीच सगळे त्याला वर चढवून राहिले."

"म्हणजे दोष आमचा?"

"नाही जी. दोष यंत्राचाच आहे. चढवून फक्त तुम्ही राहिले."

सरांनी यावर एक निवेदन लिहिलं. जाहिरातदारांनी या स्थळी प्रवेश करू नये, केल्यास तो सांस्कृतिक अपराध मानला जाईल. निवेदन शुद्ध मराठीत होतं आणि यंत्रं त्याच्याखालीच नाव नोंदवत राहिली. शेवटी अभियंत्याने एक नियम बसवला. एकाच आयडीने तोच मजकूर दुसऱ्यांदा टाकला, की तो आयडी आपोआप बंद. सरांनी त्याला 'द्वारपाल योजना' असं नाव दिलं आणि पहिल्या पानावर स्वतःच्या सहीने जाहीर केलं.

पहिल्या आठवड्यात द्वारपालाने एकच आयडी पकडला. घड्याळवाले दर वेळी एखादा शब्द बदलत, त्यामुळे ते सुटले. जी मुलगी सापडली तिचा ईमेल रविवारच्या बैठकीत मी मोठ्याने वाचून दाखवला.

ती येरवड्याला राहत होती आणि एका संगणक कंपनीत कामाला होती. आई नव्हती. वडील एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, आणि आता त्यांना विस्मरणाचा आजार होता. सकाळभर ते शांत असत. जेवण झालं की त्यांची ड्यूटीची वेळ होई आणि ते शर्ट घालून निघत. दोनदा शेजाऱ्यांनी परत आणलं, एकदा पोलिसांनी. बाई ठेवली ती टिकली नाही. तेव्हापासून ती दाराला बाहेरून कुलूप लावून कामाला जात होती. संध्याकाळी ती परतली की वडील दाराशीच उभे असत आणि विचारत, गाडी का सोडली नाही. नांदेडच्या भावाचं म्हणणं होतं की त्यांना एखाद्या संस्थेत ठेवावं. दिवाळीला तो येणार होता आणि तेव्हा ते ठरणार होतं. तिला ठेवायचं नव्हतं. कुलूपही लावायचं नव्हतं. कोणाला काही अनुभव आहे का, एवढंच तिने आमच्या चर्चास्थळावर विचारलं होतं. प्रश्न घड्याळांच्या खाली गेला. कोणी पाहिला नसेल असं वाटून तिने तो पुन्हा टाकला, आणि द्वारपालाने तिला बाहेर काढलं.

ईमेलच्या शेवटी लिहिलं होतं, "मी माणूस आहे. ते कसे सिद्ध करावे हे कळवल्यास आभारी राहीन."

खाली यार्डात एक ट्रक मागे घेत होते.

"यासाठी एक उपसमिती नेमावी लागेल," सर म्हणाले. "माणूस आणि यंत्र यांतल्या भेदाचे निकष..."

"नेमा सर," अभियंता म्हणाला. तो सरांच्याच संगणकावर बसला होता. "मी तोवर तिचा आयडी उघडून देतो. समितीचा अहवाल येईस्तोवर त्या माणसाने घरात कोंडून राहावं, हे काही बरोबर नाही."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "उघडा," ते म्हणाले. "उपसमिती राहू द्या."

द्वारपाल त्याच दिवशी काढून टाकला. त्याच्या जागी दोन गोष्टी ठरल्या. नव्या सदस्याचा पहिला मजकूर आमच्यापैकी एकाने आळीपाळीने डोळ्यांनी वाचायचा आणि मगच पुढे सोडायचा. हे सोपं होतं; घड्याळवाला पहिल्या ओळीतच ओळखू येई. दुसरी गोष्ट अवघड होती. आधीच आत शिरलेल्या जाहिरातींना कोणीही उत्तर द्यायचं नाही. अभियंत्याने प्रत्येक धाग्याखाली एक बटण बसवलं आणि मी सूचना लिहिली, "जाहिरात दिसल्यास 'कळवा' या बटणावर टिचकी मारावी व गप्प बसावे."

या सूचनेवरच मोठी चर्चा झाली. 'गप्प बसावे' हे शब्द सदस्यांच्या प्रतिष्ठेला धरून नाहीत, असं बऱ्याच जणांचं मत पडलं. एका बाईंनी विचारलं की गप्प न बसता टिचकी मारली तर चालेल का. लेखापरीक्षकांनी लिहिलं, "गप्प बसण्याची मुदत सूचनेत नमूद नाही. खुलासा करावा."

मी उत्तर दिलं, "कायम."

"नोंद घेतली," त्यांनी लिहिलं, आणि खरोखरच गप्प बसले. त्यांच्यासारखा माणूस गप्प बसला म्हटल्यावर बाकीच्यांना बोलायला अवघड झालं. लोक टिचक्या मारू लागले. सुरुवातीला काही कवितांवरही टिचक्या पडल्या. त्या कविता आम्ही तपासून परत ठेवल्या, सगळ्या नाही. हळूहळू घड्याळं खाली गेली, गोळ्या त्यांच्यामागून गेल्या, आणि तिचा प्रश्न वर आला.

पहिलं उत्तर 'वार्धक्य: एक चिंतन' असं होतं. पण दुसऱ्या दिवसापासून लोक कामाचं बोलू लागले. कोणी सासूला कसं सांभाळलं ते लिहिलं, कोणी खिशात पत्त्याची चिठ्ठी शिवून ठेवायला सांगितली. हे सगळे तेच लोक होते. इतके दिवस हेच घड्याळवाल्याशी भांडत होते.

आठवड्याच्या शेवटी लेखापरीक्षकांनी लिहिलं, "मी येरवड्यातच राहतो. जाहिरातींना उत्तरे देणे बंद झाल्यापासून दुपार मोकळी असते. आपली हरकत नसल्यास वडिलांबरोबर ड्यूटीवर जाईन."

तिने मला फोन केला. "हे गृहस्थ खरे आहेत ना हो?"

"खरे आहेत. यंत्राला इतकं खोचक बोलणं जमत नाही."

"आपण भेटलात का त्यांना?"

"नाही. पण माझ्या प्रत्येक सूचनेवर ते खुलासा मागतात. आधी आपण शेजाऱ्यांना बरोबर घेऊन भेटा, आणि पटलं तरच हो म्हणा."

ते भेटायला गेले ती हकीकत तिनेच सांगितली. वडिलांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "आपण कुठल्या डेपोचे?"

"डेपोचा नाही. मी लेखापरीक्षक."

वडील ताबडतोब उठून उभे राहिले, स्वतःची खुर्ची पुढे केली आणि मुलीला म्हणाले, "ऑडिट आलंय. चहा सांग."

तेव्हापासून दुपारी जेवण झालं की ऑडिट येई. दोघे कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर जाऊन बसत. वडील येणारी प्रत्येक बस तपासत. आक्षेप काढायला शेजारी तज्ज्ञ होताच. दोन तासांनी लेखापरीक्षक म्हणत, "चला साहेब, ड्यूटी संपली," आणि वडील निमूट घरी येत, कारण ऑडिटने सोडल्यावर थांबण्याचं काही कारण नसे. पुढे शेजारच्या काकू संध्याकाळी येऊन बसू लागल्या, आणि चर्चास्थळावरचं एक जोडपं शनिवारी. आजार होता तिथेच होता. नावं पुसली जात होती; मुलीला ते कधीकधी आगारातली कारकून समजत. पण दार उघडं होतं. दिवाळीला भाऊ आला, एक दुपार स्वतः थांब्यावर जाऊन बसला, आणि संस्थेचा विषय काढल्याशिवाय परत गेला.

सरांना हे कळलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. मी ते पाहिलं आणि खिडकीकडे बघत बसले, त्यांना संकोच वाटू नये म्हणून. दुर्दैवाने त्यानंतर त्यांना मेळावा सुचला. स्वारगेटजवळ एक सभागृह घेतलं, व्यासपीठावर फुलं लावली, आणि 'यंत्रयुगातील मानवी संवेदना' या विषयावर बोलून झाल्यावर लेखापरीक्षकांचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरलं. निमंत्रण गेलं. उत्तर एका ओळीचं आलं, "कार्यक्रमाची वेळ ड्यूटीत येते."

सर सुमारे तासभर बोलले आणि चांगलं बोलले. त्या वेळी लेखापरीक्षक आणि तिचे वडील थांब्यावर होते. बस उशिरा आली, आणि दोघांनी तशी लेखी तक्रार केली.