न दिलेली थापटी

मागून गळा धरणाऱ्याला समोरच्याचं तोंड दिसत नाही. एवढी एकच गोष्ट मला चौकशीच्या टेबलापुढे सांगायची होती. ती मी सांगितली, पण ओरडून सांगितली. ओरडून सांगितलेलं खरं नसतं, असं त्या तिघा साहेबांचं मत असावं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी फौजेत भरती झालो. कोल्हापूरच्या कडेला आमची छावणी होती, तिचं नाव इथे घालत नाही. मी मुरगूडकडचा. बाप दुसऱ्याच्या म्हशी राखायचा. पहिल्या तारखेला पगार घेऊन घरी येणारा माणूस आमच्या सात पिढ्यांत झाला नव्हता, तो मी होणार होतो. अंगावर वर्दी चढली तेव्हा बाप गल्लीत ताठ चालायला लागला. मला तेवढं पुरे होतं.

प्रशिक्षणात बिनहत्यारी लढाई शिकवत. त्यात गळपकड होती. शिकवणाऱ्याला फौजेत उस्ताद म्हणतात. आमचा उस्ताद साताऱ्याकडचा, बारीक अंगाचा, बोलताना अर्धी हिंदी मिसळणारा. पहिल्याच दिवशी त्याने आम्हाला वाळूच्या हौदाभोवती बसवलं आणि आधी गळा धरायला नाही, सोडायला शिकवलं.

"पकडना कोणी पण शिकतो," तो म्हणाला. "छोडना शिका. थापटी पडली की हात उघडा. विचार करायचा नाही, बघायचं नाही. थापटी म्हणजे थापटी."

गळ्यात हात असलेल्याने दम लागायच्या आत पकडणाऱ्याच्या हातावर थापटी द्यायची. हात अडकला असेल तर पाय आपटायचा. पकडणाऱ्याने कोपराचा कोन हनुवटीखाली ठेवायचा, म्हणजे नरडं चेपत नाही. झटका द्यायचा नाही, मान पिळायची नाही. प्रत्येक जोडीसमोर एक तिसरा उभा राहायचा, त्याचं काम फक्त तोंड बघणं. तोंडाचा रंग बदलला की त्याने ओरडायचं आणि उस्तादाने शिट्टी मारायची. नियम चांगले होते. मी आजही त्या नियमांना नावं ठेवत नाही. पण ते नियम करणाऱ्याने तालमीतला गडी कधी पाहिला नसावा.

माझा जोडीदार पैलवान होता. कागल तालुक्यातला, कोल्हापूरच्या तालमीत वाढलेला. उंची-वजनाने आम्ही सारखे भरलो म्हणून आमची जोडी लावली. अंगाने आटोपशीर, पण मान अशी की कॉलरचं बटण कधी लागलं नाही. तालमीत पाठ लागेपर्यंत कुस्ती संपत नाही. मधेच हाताने खूण करून 'बास, सोड' म्हणणारा गडी तिथे नसतो. असलाच तर दुसऱ्या दिवशी तालमीत येत नाही. त्यातून गळा म्हणजे पैलवानाची इस्टेट. मान दाबली म्हणून थापटी द्यायची, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"दे की थापटी," मी पहिल्याच आठवड्यात म्हणालो होतो.

"कशाला? तू दाबलास कुठं अजून? माशी बसल्यागत वाटतंय."

"उस्तादानं सांगितलंय."

"उस्तादाला सांग, आमच्या वस्तादानं न्हाय सांगितलेलं."

सगळे हसले. उस्तादही हसला. तो तेव्हा हसला हे मी विसरलेलो नाही.

त्याच आठवड्यात जेवणाच्या रांगेत माझं आणि पैलवानाचं भांडण झालं होतं. तो मधे घुसला, मी त्याची ताटली उडवली. बॅरेकीत रोज कुणाचं ना कुणाचं असं व्हायचं. माझं जरा जोरात व्हायचं, हे खरं. पण त्या ताटलीचा आवाज पुढे चौकशीपर्यंत ऐकू गेला.

मग एका दिवशी सरावात मी नेहमीसारखा मागून हात घातला. कोन हनुवटीखाली, डोकं त्याच्या डोक्याला टेकवलेलं, शिकवलं तसं. दाब वाढवत नेला. थापटी नाही. माझ्या दंडाखाली त्याची मान लाकडासारखी ताठ होती. आमच्यावर नजर ठेवायला उभा केलेला तिसरा इचलकरंजीचा होता. पलीकडच्या जोडीत कुणाची तरी चड्डी फाटली होती, ती गंमत बघण्यात तो गुंतला होता. ओरडणं नाही, शिट्टी नाही, थापटी नाही. मग एकदम सगळा भार माझ्या हातावर आला. मी सोडला. पैलवान वाळूत पडला.

उस्ताद धावत आला, पाय वर धरले, तोंडावर पाणी मारलं. पैलवानाने डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "झोप लागलीती व्हय?"

पुन्हा सगळे हसले. मीही हसलो. रात्री तो पोटभर जेवला. मान दुखते म्हणाला, पण पैलवानाची मान कुणी मनावर घेत नाही. दोन दिवस गेले आणि सकाळच्या परेडला त्याच्या डाव्या हातातून रायफल निसटली. उचलायला वाकला तो उठलाच नाही. तोंड एका बाजूला ओघळलेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, मानेतली शीर आतून फाटली होती, तिथे रक्ताची गाठ धरली आणि ती मेंदूत गेली.

चौकशी बसली. इचलकरंजीच्या त्या तिसऱ्याने सांगितलं, मला फक्त पाठ दिसत होती, तोंड नाही. उस्तादाने सांगितलं, मी सगळं शिकवलं होतं. ते खोटं नव्हतं. आणि पैलवानाने दवाखान्याच्या खाटेवरून, अर्ध्या तोंडाने सांगितलं, की मी थापटी दिली होती. दोनदा दिली. त्याने सोडलं नाही.

मला वाचून दाखवलं तेव्हा मी टेबलावर मूठ आपटली. तो खोटं बोलतोय, म्हणालो. त्याच्या तालमीत जाऊन विचारा, तो थापटी देणारा माणूसच नाही. मधले साहेब शांतपणे म्हणाले, "आणि तू राग आवरणारा माणूस आहेस का?" त्यांनी ताटलीचं विचारलं. मी गप्प बसायला हवं होतं. मी ताटलीचं भांडण पहिल्यापासून सांगितलं.

मला घरी पाठवलं. कागदावर कारण लिहिलं होतं, चांगला शिपाई होण्याची शक्यता नाही. बापाने तो कागद कुणाकडून तरी वाचून घेतला. त्यानंतर तो बाजाराला मागच्या गल्लीने जायला लागला.

मी म्हशींच्या धंद्यात शिरलो. आधी दलालाचा हरकाम्या, मग दलाल, मग व्यापारी. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचा तो धंदा. कुणाची बोटं सैल पडली, कुणाची घट्ट झाली, त्यावरून त्याच्या मनातला आकडा मला कळायचा. मी दुसऱ्याच वर्षी स्वतःच्या दावणीला म्हशी बांधल्या. कुणी मदत केली नाही, मी मागितलीही नाही. पण बाजारात माझ्या पाठीमागे मला 'गळादाब्या' म्हणत. 'त्याच्याशी जपून ऱ्हा गा, मागनं धरतो,' असं म्हणून हसत.

चौकशीच्या निकालावर अपील करायला अजून मुदत होती आणि माझं भरतीचं वयही उलटलेलं नव्हतं. फक्त पैलवानाने खरं सांगायला हवं होतं. तेवढ्यात त्याच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरलं. मी गेलो, गर्दीत मागे उभा राहिलो. व्यासपीठावर पैलवानाला भगवा फेटा बांधून बसवलेलं. डावा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. माइकवरचा निवेदक तापला होता.

"मंडळी, ह्या आपल्या वाघाचा फौजेत मागनं गळा आवळला! डोळ्यापुढं अंधारी आली! पर गड्यानं थापटी दिली न्हाय! शुद्ध सोडली, मान सोडली न्हाय!"

हजारो माणसांनी शिट्ट्या मारल्या. हलगी कडाडली. पैलवानाने उजवा हात वर केला. मी चौकशीत घसा फोडून जे सांगत होतो, ते सगळं मैदान टाळ्या वाजवून मान्य करत होतं. माझ्या शेजारचा म्हातारा डोळे पुसत होता. मला वाटलं, झालं, आता सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात बाजेवर बसला होता. त्याची आई दारात होती. "या पावणं," म्हणाली, पण उंबऱ्यावरून हलली नाही.

"काल माइकवर जे बोललास ते साहेबापुढं बोल," मी म्हणालो.

"माइकवर मी कुठं बोललो? त्यो बोलला."

"खोटं बोलला?"

"न्हाय. खरंच हाय की."

"मग चल माझ्यासंगट. गाडी आणलीया. एवढंच सांगायचं, थापटी दिली न्हवती."

बोलताना त्याचे शब्द ओले होत. "न्हवती दिली म्हटलं की सायेब म्हणणार, सोताच्या हेकटपणानं पडला. नियम मोडला. मग पेन्शन कशी मिळंल? मी आता काय कामाचा हाय? आईनं काय खायचं?"

सौदा कसा करायचा हे मला येत होतं. मी म्हणालो, "दारात दुभती म्हस बांधतो. आटली की दुसरी. तू हाईस तवर, तुझी आई हाय तवर. पंचांसमोर शब्द देतो."

"म्हस आटती रं," तो म्हणाला. "पेन्शन आटत न्हाय."

आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याने भाव सांगितला आणि मला पुढचा आकडा सुचला नाही. तो बरोबर बोलत होता. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच धरून बसलो असतो, आणि यानेच माझं डोकं जास्त फिरलं.

"लेका, माझी भाकरी खातोयस तू," मी ओरडलो.

"व्हय. खातोय. पर ती मोडून आई देती. एका हातानं मोडत न्हाय."

आईने तोवर चहा आणला होता. माझ्या हातातली कपबशी भिंतीवर गेली. ती कशी गेली मला कळलं नाही. म्हातारी वाकून काचा वेचू लागली. शेजारची माणसं कुंपणाशी जमली. "बघा," ती त्यांना म्हणाली, "ह्यो राग. ह्या रागानं माझं पोर अर्धं केलं."

तिचंही काय चुकलं? तिने जे बघितलं ते सांगितलं. गाडीपर्यंत मी मान खाली घालून आलो. अपीलाची मुदत गेली. मग वय गेलं.

पुढे माझं घर झालं, मजला चढला, कोल्हापुरात गोठ्याला जागा घेतली. लोक नमस्कार घालायला लागले. 'गळादाब्या' हे नाव गेलं नाही, फक्त हळू आवाजात म्हणायला लागले. बाप गेला तो मागच्या गल्लीनेच जात-येत गेला. दोन हजार सालच्या पुढे कधीतरी पैलवानाला दुसरा झटका आला आणि तो वारला. मी अंत्ययात्रेला गेलो. खांदा द्यायला पुढे झालो तर तालमीतल्या एका पोराने माझ्या आणि तिरडीच्या मधे अंग घातलं. मी बाजूला झालो. आता ती गोष्ट खरी सांगू शकणारा एकच माणूस उरला होता, आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

गोष्ट मात्र मेली नाही. तालमीत मॅट आली, माती एका बाजूला राहिली. भरतीची तयारी करणारी पोरं तिथे घाम गाळायला लागली. त्यांना नवा वस्ताद दर वर्षी सांगायचा, आपल्या तालमीचा गडी फौजेत बेशुद्ध पडला पण थापटी दिली नाही. ती पोरं फौजेत, पोलिसात जायची, आणि ही गोष्ट बरोबर घेऊन जायची. मी एकदा वस्तादाला भेटून म्हणालो, हे पोरांना शिकवू नका, एखादा मरेल. तो हसला. "तुम्ही सांगताय व्हय हे?" म्हणाला. मग मी परत गेलो नाही.

माझ्या थोरल्या भावाचा पोरगा त्याच तालमीतला. तो भरती झाला. जायच्या दिवशी मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागायला वेळ होता. मी त्याला बाजूला घेतलं आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं, वाळूच्या हौदापासून पेन्शनपर्यंत. आवाज चढू दिला नाही.

"गळ्यात हात आला की थापटी द्यायची," मी म्हणालो. "दम लागायच्या आधी. सगळे हसले तरी द्यायची. आणि तू धरलंस तर थापटीची वाट बघत बसायचं न्हाय. समोरचा देणार न्हाय असं धरून चालायचं, आणि आधीच सोडायचं. कळलं?"

"व्हय काका."

हे 'व्हय' मी ओळखतो. बाजारात गिऱ्हाईक म्हशीच्या पाठीवरून हात फिरवतं, दात बघतं, प्रत्येक बोलण्याला व्हय म्हणतं, आणि त्याचा पाय आधीच शेजारच्या दावणीकडे वळलेला असतो. त्याला थांबवता येत नाही. भाव पाडला तरी नाही.

"शपथ घे," मी म्हणालो.

"घेतली की ओ," तो म्हणाला. त्याची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे होती. तालमीतली पोरं त्याला सोडायला आली होती. त्याने वाकून माझ्या पायाला हात लावला, बॅग उचलली आणि त्यांच्यात गेला. गाडीच्या दारात एकाने त्याची मान दोन्ही हातांनी धरून दाबून बघितली. तो ताठ उभा राहिला. दाबणाऱ्याचेच हात दुखले, तेव्हा सगळ्यांनी एकदम आरोळी ठोकली.