आतोबांचं बर्फमान

अख्ख्या मराठवाड्यात बर्फाची काळजी वाहणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आतोबा निजामाच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. आखाडा बाळापूरला बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं घर. बर्फ त्यांनी जन्मात एकदाच पाहिला होता, हैदराबादेत सरबतवाल्याकडे, भुशात गुंडाळलेला. पण लाहोरहून निघणारं एक इंग्रजी वर्तमानपत्र ते टपालानं मागवत. त्यात हिवाळाभर, दर आठवड्याला, काश्मीरच्या डोंगरांवर किती बर्फ पडेल याचा अंदाज येई. पायाला लांब फळ्या बांधून उतारावरून घसरणाऱ्या साहेबलोकांसाठी तो असे. आतोबांना मात्र ती आपलीच जबाबदारी वाटे. शेतकऱ्याचं जसं पाऊसमान, तसं हे बर्फमान, असं ते म्हणत.

बाजाराच्या दिवशी गळ्यात मफलर गुंडाळून, घाम पुसत, ते ओट्यावर बर्फमान वाचत. मी शेजारी बसून अडलेल्या शब्दाचा अर्थ हळूच सांगायची. इंग्रजी शाळेत शिकूनही चारचौघांत मोठ्यानं बोलणं मला कधी जमलं नाही. "उत्तरेचा उतार धोक्याचा आहे, जपून," असं ते आडावर निघालेल्या आत्याला बजावत. आत्या म्हणे, "तुमचा बर्फ वितळला की दोन घागरी इकडं पाठवा."

एका फाल्गुनात शेजारच्या कुरुंदा गावचा एक हळदवाला गाडी थांबवून ऐकत होता. आतोबा वाचत होते, "तीन फूट बर्फ. वारं सुटणार. मंडळींनी बाहेर पडू नये."

"तीन फूट?"

"कमीत कमी."

आमच्या भागात आभाळातून पांढरं पडतं ते एकच, गारा. गारा येणार असं समजून त्यानं बैल पिटाळले. घरी शिजवून उन्हात पसरलेली ओलसर हळद सगळ्या घरानं मिळून आत कोंडली. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

पुढच्या बाजाराला तो ओट्यासमोर उभा राहिला. "काका, तीन फूट म्हणले ना तुमी? तीन थेंब बी न्हाई. कोंडून हळद काळी पडली, अन् समदं कुरुंदं हसून राहिलं मला."

"अरे, ते काश्मीरचं, फळ्या बांधून घसरणाऱ्या लोकांसाठी..."

"मंग आमाला काहून सांगता?"

आतोबांनी मफलर सोडला आणि ते आत गेले. त्या दिवसापासून वर्तमानपत्र वेष्टनासकट कोनाड्यात पडू लागलं. आत्यानं ते एकदा त्यांच्या ताटाशेजारी ठेवून पाहिलं. "अहो, बर्फ आलाय तुमचा." "असू दे," ते म्हणाले. नवऱ्याच्या बर्फाला इतकी वर्षं हसलेली आत्या त्या दिवसांत कुणाला हसावं ते न कळून माझ्यावरच चिडत होती.

मग एका बाजाराला हळदवाला आपण होऊन ओट्यावर येऊन टेकला. "काका, काय पडून राहिलं तिकडं?"

"तुझी हळद..."

"गेली ती गेली, राहिली ती वाळली. पण माय जीव खाऊन राहिली माझा. ते फळ्या बांधलेले लोक घरी पोचले का न्हाई, म्हून इचारते."

आतोबांनी घाईघाईनं कोनाड्यातल्या ताज्या अंकाचं वेष्टन फाडलं, पण स्वतः वाचायला ते धजेनात. पान त्यांनी माझ्या हाती दिलं. मी वाचलं. मोठ्यानं, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं. बर्फ कमी होतोय, उतार सुरक्षित आहेत.

"पोचले म्हणायचे," हळदवाला म्हणाला.

आतोबांनी घसा खाकरला आणि छापलेलं नव्हतं ते पुढं जोडलं, "आणि कुरुंद्याला ऊन. नुसतं ऊन."

पुढं फाळणी झाली आणि लाहोरचं टपाल यायचं थांबलं. तरी बाजाराला निघालेल्या गाड्या ओट्यापाशी थांबत, कुणीतरी बर्फाचं विचारी. आतोबा उत्तरेकडे बघत.

"डोंगराचं काही कळत नाही, लेकरांनो," ते म्हणत. "कुरुंद्याला ऊन."