परत आलेलं पीठ

माझा डबा पायरीवर ठेवला होता. बाहेर. बाकी सगळे डबे आत केलरमध्ये, म्हणजे तळघरात, फळीवर ओळीनं. माझा स्टीलचा मोठा डबा, झाकणावर कागदी चिकटपट्टी, पट्टीवर माझ्या हातानं लिहिलेलं माझं नाव. ती पट्टी कुणी सोडवलीसुद्धा नव्हती.

मेधाताई केलरच्या दारात उभ्या होत्या, दार अडवून. आमच्या मंडळाच्या अध्यक्ष. मी पायरीवर, आणि माझ्याशेजारी माझी आठ वर्षांची मुलगी, मित्रा. तिच्या हातात खसखशीचं पाकीट. ताईंनी "जरा घरी ये" म्हणून मेसेज केला, तेव्हा आम्हाला वाटलं, अनारसे थापायला बोलावलंय.

"अगं, यंदा अनारसे मीच करते," मेधाताई म्हणाल्या. "तू कागदी प्लेट्स आण. आणि नॅपकिन्स. तेही कुणीतरी आणायला लागतंच ना."

"पण ताई, पीठ तयार आहे. आठवडाभर मुरलंय."

"गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणूनच म्हटलं, घेऊन जा. घरच्यांना होईल."

मी काय केलं? "बरं" म्हटलं. डबा उचलला. वर "थँक यू" म्हटलं. हे लिहिताना आजही माझे कान तापतात. थँक यू कशाचं?

गाडीत मित्रानं विचारलं, "मामा, वारुम?" आई, का? ती मराठी समजते, उत्तरं जर्मनमध्ये देते. मी म्हटलं, "डबे जास्त झाले, बाळा." खोटं बोलले. तिनं मागे वळून डब्याकडे पाहिलं आणि सीटबेल्ट लावला.

आता सगळं नीट सांगते.

आम्ही जर्मनीत, वाल्डॉर्फच्या जवळच्या एका गावात राहतो. आसपासच्या गावांत मिळून पंधरा-वीस मराठी घरं, बहुतेक सॉफ्टवेअरवाली. मीही त्यातलीच. इथं दिवाळीला सुट्टी नसते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही सकाळी नऊला मीटिंग असते. म्हणून मंडळानं पद्धत पाडली आहे. दिवाळीनंतरच्या शनिवारी गावचा हॉल भाड्यानं घ्यायचा आणि फराळाची तयारी महिनाभर आधीपासून, शनिवार-रविवार गाठून करायची. एका घरानं भाजणी भाजायची, एकानं करंजीचं सारण, एकानं चिवड्याचा मसाला. जे टिकतं ते डब्यात भरायचं, डब्यावर नाव लिहायचं आणि मेधाताईंच्या घराखालच्या केलरमध्ये नेऊन ठेवायचं. तिथं गार असतं, कोरडं असतं.

अनारसे माझ्याकडे. चार वर्षं. दुसऱ्या कुणाला जमतच नव्हते. लोक बासमती भिजवायचे आणि वैतागायचे. मी इथला मिल्शराइस शोधून काढला. जर्मन आया दुधात शिजवून पोरांना देतात तो गोल, बुटका तांदूळ. तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, सावलीत फडक्यावर पसरायचा, दमट असतानाच दळायचा, चाळायचा, गूळ घालून मळायचा आणि मग हात लावायचा नाही. मुरू द्यायचं. आठ दिवसांनी खसखशीवर थापायचे, तुपात सोडायचे, उलटायचे नाहीत. जाळी अशी पडते की बघत राहावं. माझे पडतात. मला त्याचा गर्व आहे.

चार वर्षं सगळ्यांनी खाल्ले. मेधाताईंनी तर डबा भरून कोलोनला शिकणाऱ्या लेकीला पाठवले होते.

मग यंदा काय बदललं? माझ्या हॉलच्या भिंतीवर एक फोटो आला.

निळा कोट, चष्मा, हातात जाड पुस्तक. मराठी माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. तो फोटो आमच्या घरात आधीपासून होता. बेडरूममध्ये. कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूनं. तिथं मीच लावला होता. आमच्या आडनावावरून काही कळत नाही. त्या आडनावाच्या आडोशाला मी चार वर्षं राहिले. कुणी "तुमचं कुलदैवत कुठलं?" विचारलं की विषय बदलायचे. एप्रिलमध्ये आम्ही घरात खीर करायचो, पडदे ओढून. हे मला कुणी करायला लावलं नव्हतं. मीच केलं, आणि ते मी इथून वगळणार नाही.

उन्हाळ्यात माझे वडील आले. आबा. एसटीत कंडक्टर होते. स्वेटर काढायला त्यांनी कपाट उघडलं आणि उघडंच ठेवून उभे राहिले.

"काय गं," ते म्हणाले, "चोरून आणला का ह्यो?"

एवढंच. ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः हातोडी घेतली आणि हॉलमध्ये सोफ्याच्या वर फोटो लावला. मला वाटलं, आबा परत गेले की काढून ठेवू. मग वाटलं, राहू दे. काढायची मला लाज वाटली. यावेळची लाज बरी होती.

पीठ मी केलरमध्ये पोचवलं रविवारी. बुधवारी मेधाताई आमच्याकडे मोठी कढई न्यायला आल्या. सोफ्यावर बसायला गेल्या आणि वर पाहिलं. बसता बसता थांबल्या.

"तुम्ही मूळचे पुण्याचेच ना?"

"पुण्यात शिकले. गाव बीडकडचं."

"नाही, म्हणजे... अच्छा."

मी चहा आणला. त्यांनी कपाला हात लावला नाही. "आज उपवास आहे गं," म्हणाल्या. उपवासाला चहा चालतो. हे आम्हालाही ठाऊक आहे. दर एकादशीला त्यांनी माझ्याच घरी दोन-दोन कप चहा ढोसला होता, आलं घालून. कढई मात्र घेऊन गेल्या. लोखंडाची होती, घासली की झाली.

शनिवारी डबा पायरीवर.

त्या दिवशी घरी येऊन मी गावी मायला फोन लावला. मला रडायचं होतं. मायनं रडू दिलं नाही. तिनं एकच विचारलं.

"पीठ कोरडं व्हतं का वलं?"

"गूळ घातलेलं, माय. मळलेलं."

"मंग बरोबर," माय म्हणाली.

आणि मला सगळं आठवलं. माझी माय तालुक्याच्या गावी एका वकिलांकडे जायची. दिवाळीआधी महिनाभर. मागच्या अंगणात बसून तांदूळ निवडायचे, पाखडायचे, डाळी साफ करायच्या. पोत्यानं. तिथवर तिचा हात चालायचा. धान्य कोरडं असेतो चालायचा. तांदळाला पाणी लागलं की वकिलीणबाई म्हणायच्या, "आता तू जा." भिजलेला तांदूळ मायनं बघितला तो अंगणातून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. कितीदा पाणी बदलतात, कसं फडकं पसरतात, गूळ केव्हा घालतात. तीन-चार दिवाळ्या ती हे टिपत राहिली. मी सहावीत असताना तिनं पहिल्यांदा आमच्या घरी अनारसे केले, डालड्यात. पहिल्या घाण्याचा पार भुगा झाला. आम्ही तो चमच्यानं खाल्ला आणि कढई चाटूनपुसून साफ केली.

माझी ती जाळी अशी आली आहे. खिडकीतून बघून. आणि मी ती जाळी चार वर्षं मेधाताईंच्या ताटात वाढत होते.

मला भयंकर चीड आली. कारण मला आणखी एक गोष्ट आठवत होती. मागच्या वर्षी मंडळाच्या पिकनिकला मेधाताई रडल्या होत्या. सुरुवातीला त्यांना एका जर्मन बाईनं घर नाकारलं होतं. तुमच्या तळणाचा वास भिंतींना लागेल, म्हणाली. "आपल्या जेवणाची घाण वाटते या लोकांना," मेधाताई म्हणाल्या. आम्ही सगळे संतापलो. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला होता. या हातानं.

नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. इनमीन पंधरा घरं आपली. मित्राचा डान्स आहे शनिवारी, तिच्या सगळ्या मैत्रिणी तिथेच आहेत. प्लेट्स घेऊन जाऊ, विषय संपव." तो वाईट माणूस नाही. तो घाबरलेला आहे. मीही होते. मी खरंच दुकानात जाऊन प्लेट्स घेऊन आले. शंभर. पांढऱ्या.

मित्रानं त्या पिशवीकडे पाहिलं आणि यावेळी मराठीत विचारलं. मोडक्या मराठीत. "आई, आपलं पीठ घाण आहे?"

मी तिला जवळ घेतलं नाही. आधी उत्तर दिलं. "नाही. आपलं पीठ चांगलं आहे. मेधाताईंनी चुकीचं केलं. डबे जास्त झाले होते असं मी सांगितलं, ते खोटं होतं." मग तिला समोर बसवलं आणि फोटोतला माणूस कोण, तो काय शिकला, त्याला पाण्याला हात का लावू देत नव्हते, सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "मेधाताईंना हे माहीत आहे?"

"माहीत आहे," मी म्हटलं.

मंगळवारी ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत मेधाताईंचा फोन आला. कार्यक्रमाला चार दिवस उरले होते.

"अगं, माझे सगळे हसले गं."

अनारसा तुपात पडून फुटला, विरघळला की त्याला हसला म्हणतात. त्यांनी बासमतीच भिजवला होता. घाईत.

"तुझं ते पीठ आहे ना अजून? ह्यांना पाठवते संध्याकाळी. मी तळते इथे."

"आता चालेल?" मी विचारलं.

"आल्झो, म्हणजे तुपात तळल्यावर काय राहतंय! आणि हे बघ, मी नाही हं मानत काही. पण काहींच्या सासूबाई आल्यात इंडियातून. कशाला उगाच? कुणी केलं हे सांगायचंच नाही. मी केले म्हणून ठेवते. तुलाही त्रास नको."

मी कॉफीच्या मशीनपाशी उभी होते. आजूबाजूला जर्मन सहकारी, कुणाला एक अक्षर कळत नव्हतं. माझी माय अंगणात होती, कोरड्यापुरती. मला आता ओल्यालाही परवानगी मिळत होती. नाव पुसून. चोरून. माझं पीठ हवं होतं, मी नको होते.

"नाही," मी म्हटलं.

"अगं, एवढं काय..."

"पीठ मिळणार नाही. अनारसे मी तळीन, मी आणीन, माझ्या नावानं ठेवीन. ज्याला चालत नसेल त्यानं खाऊ नये."

"तू उगाच जातीवर नेतेस हं."

"डबा बाहेर मी ठेवला नव्हता, ताई."

त्यांनी फोन ठेवला. मी कॉफी घेतली, जागेवर जाऊन बसले आणि दोनच्या मीटिंगमध्ये नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात बोलले.

शुक्रवारी सुट्टी टाकली. बाल्कनीत शेगडी मांडली, घरभर वास नको म्हणून नाही, तर हवा छान होती म्हणून. मित्रानं खसखस पसरली. मी थापले, सोडले, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहिले. एकही हसला नाही. नवरा दारात उभा राहून बघत होता. थोड्या वेळानं आत जाऊन त्यानं चाळणी आणली आणि निथळायला एकेक अनारसा उभा लावायला लागला.

शनिवारी हॉलमध्ये मधल्या टेबलावर सगळा फराळ मांडला होता. मी चकली आणि करंजीच्या मध्ये जागा केली, डबा ठेवला, झाकण काढलं. समोर पुठ्ठ्याची पाटी. तिच्यावर माझं पूर्ण नाव, मायचं नाव आणि गाव. आधी मराठीत, खाली जर्मनमध्ये. प्लेट्सही ठेवल्या. आणल्या होत्या, टाकून कशाला द्यायच्या.

मेधाताई आल्या. पाटी वाचली. हळू आवाजात म्हणाल्या, "सणाच्या दिवशी हे बरं दिसतं का?"

मी हळू बोलले नाही. "पायरीवर ठेवलेला डबा बरा दिसत होता का?"

आजूबाजूची चार माणसं वळली. कुणीतरी घाईनं गाण्यांचा आवाज वाढवला.

सगळ्यांनी येऊन खाल्ले आणि गळ्यात पडले, असं काही झालं नाही. काहींनी खाल्ले. एक जोडपं मुद्दाम येऊन, माझ्याकडे बघून, दोन-दोन घेऊन गेलं. बरेच जण टेबलापाशी यायचे, पाटी वाचायचे आणि चकली उचलायचे. मागच्या वर्षी डबे भरून नेणारी माणसं. एका आईनं पोराचा हात अनारशावरून मागे ओढला. तो माझ्या डोळ्यांदेखत ओढला, हे बरं झालं. कोण कुठे उभं आहे, ते मला कळलं. मित्राचा डान्स झाला. तिला दुसऱ्या ओळीत ढकललं होतं. ती हात उंच करून नाचली.

डबा अर्धा भरलेला परत आला. यावेळी मी तो स्वतः उचलला आणि कुणाचे आभार मानले नाहीत. मंडळाच्या ग्रुपवर त्या संध्याकाळी सगळे फोटो आले, फक्त मधल्या टेबलाचा आला नाही. तो मी टाकला. खाली लिहिलं, अनारसे कुणी केले, पीठ पायरीवर का ठेवलं होतं आणि नंतर ते कुणाला गुपचूप हवं होतं. दोन घरं ग्रुप सोडून गेली.

पुढच्या वर्षी मी तांदूळ सगळ्यांच्या आधी भिजत घालणार आहे. मित्राला पाणी बदलायला शिकवणार आहे, खिडकीतून नाही, शेजारी उभं करून. मंडळानं टेबल दिलं नाही तर हॉलच्या दाराबाहेर माझं टेबल लावीन, त्याच पाटीसकट. फोटो सोफ्याच्या वरच राहील. ज्याला चहा घ्यायचाय त्यानं त्याच्याखाली बसून घ्यावा. आणि माझं पीठ माझ्या नावाशिवाय यापुढे कुणाच्याही कढईत पडणार नाही.