भिंगावरचं बोट

पालीजवळ एका पर्यटकानं मागून माझ्या गाडीला धडक दिली आणि वर माझ्यावरच डोळे वटारले. पुरावा नव्हता, मी गप्प बसलो. तेव्हाच ठरवलं, गाडीत कॅमेरा बसवायचा.

त्यानंतर तीन आठवडे मी डोकं पिकवून घेतलं. रात्री नंबरप्लेट वाचता येते का, कार्ड किती मोठं, उन्हात तापतो का. भोरच्या ऑफिसातला प्रत्येक जण तज्ज्ञ. मला मात्र रोज भोर ते वेल्हे जायचं, रस्त्यात गाड्यांपेक्षा शेळ्या जास्त, हे कुणी विचारातच घेतलं नाही, आणि मीही नाही. शेवटी पडदा नसलेला, आरशामागे लपणारा कॅमेरा घेतला. पाहायचं ते मोबाईलवर पाहायचं. कोण रोज पाहतंय!

आठ दिवसांनी वेल्ह्याच्या अलीकडच्या वळणावर धनगरवस्तीतल्या म्हाताऱ्यानं हात करून गाडी थांबवली. वर्षानुवर्षांची ओळख आमची.

"सायेब, काल सांजच्याला पांढऱ्या गाडीनं शेळी चेपली माजी. गाभण हुती. थांबलाबी न्हाई त्यो."

माझीही गाडी पांढरी, संध्याकाळची वेळ, तोच रस्ता. त्यानं माझं नावही घेतलं नव्हतं, पण मी लगेच खुलासा करू लागलो.

"बाबा, माझी नव्हती. थांबा, दाखवतोच."

मोबाईल त्याच्यासमोर धरला. कालची संध्याकाळ उघडली. सगळीकडे लालपिवळा डाग, कडेला जेमतेम बोटभर आभाळ. आईनं नव्या वस्तूची पूजा केली होती, हळदीकुंकवाचं बोट नेमकं भिंगावर टेकवलं होतं. मिक्सरला, मोबाईलला, सगळ्याला लावते ती. मला इतका संताप आला की आधी आईवर निघाला, मग स्वतःवर. आठ दिवसांत एकदा उघडून पाहायला काय झालं होतं?

म्हाताऱ्यानं मोबाईल जवळ ओढून तो डाग पाहिला.

"सायेब, तुमी नुसतं न्हाई म्हनला आसता, तर म्या मानलं आसतं. दावतो म्हनला, आनि ह्यात तर कायबी न्हाई. आता म्या काय समजू?"

मी मोबाईल खिशात टाकला. ती शेळी मी मारली नाही, हे आता फक्त मला माहीत आहे.