उत्तमनानांचं जुनं नाव

"उखर्डू" अशी हाक आली की आमचे शेजारी उत्तमनाना वळून पाहत नसत. पारोळ्याच्या बाजारात कुणी मागून कितीही ओरडो, नाना आपले टेम्पोत पोती चढवत राहायचे. एरवी माणूस चांगलाच फटकळ, पण त्या हाकेला कधी शिवीसुद्धा दिली नाही.

त्यांच्या आधीची भावंडं तान्हेपणीच दगावली होती. हे तरी जगावं म्हणून आईनं त्यांना उकिरड्यावर ठेवलं, परत उचललं आणि तेच नाव दिलं. आईच्या तोंडी ते लाडाचं होतं, गावानं त्याची टवाळी केली. नाना म्हणायचे, "ते नाव मन्ही मायनं व्हतं. ती गयी, नाव बी गयं."

आई गेल्यावर त्यांनी रीतसर नाव बदललं. राजपत्रात 'उत्तम' छापून आलं तेव्हा आम्हा सगळ्यांना पेढे दिले. आधार झालं, लायसन झालं, अडलं ते रेशनकार्ड. कधी साहेब रजेवर, कधी सर्व्हर बंद. जळगावला पाठवलं, जळगावहून परत. एकदा मी सोबत होतो. कारकुनानं जुनं नाव शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं वाचलं आणि हसून म्हणाला, चांगलं तर आहे, कशाला बदलता? नाना शांतपणे म्हणाले, "मंग तुमना पोऱ्याले हाईच ठेवा." त्यानंतर तो अर्ज सापडेनासाच झाला.

गेल्या वर्षी छातीत दुखायला लागलं म्हणून धुळ्याच्या एका दवाखान्यात नेलं. फुकट उपचाराला रेशनकार्ड लागतं. खिडकीवरच्या माणसानं त्यावरचंच नाव केसपेपरवर चढवलं. मी पुढं केलेलं राजपत्र न वाचता परत सरकवलं. मी रिपोर्ट आणायला गेलो तेवढ्यात नानांचा पुकारा झाला. नानांची बायको, आमच्या काकू, त्यांच्याजवळ बसल्या होत्या; त्या सांगतात, शिपाई पुन्हा पुन्हा ओरडत होता. त्या उठायला लागल्या तर नानांनी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.

"तो मी नही," म्हणाले.

मी आलो तोवर डॉक्टर उठून गेले होते. सोमवारी या, असं सांगितलं. नानांना तो सोमवार दिसला नाही.

त्यांच्या हट्टाचा मला राग येतो, आणि त्या खिडकीचा त्याहून जास्त. केसपेपर अजून काकूंकडं आहे. त्यावर लाल शाईत लिहिलंय, 'उखर्डू गैरहजर.' टाकून द्या म्हटलं तर काकू ऐकत नाहीत.

"इतलं मातर बरोबर लिखं त्यासनी," म्हणतात.