डोअरकीपरच्या जागेसाठी मुलाखत

आमचं थेटर बंद पडेपर्यंत सत्तावीस वर्षं मी त्याच्या दाराशी उभा राहिलो. डोअरकीपर. तिकीट अर्धं फाडायचं, बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची आणि उशिरा येणाऱ्याला दोन शब्द सुनावायचे, एवढं काम. यातलं तिसरं पगारात नव्हतं, ते मी आपखुशीनं करायचो. "या, या. पडद्यावरच्यांना सांगतो परत पहिल्यापासून करायला," असं एकदा ऐकलेला माणूस पुढच्या वेळी जाहिराती सुरू व्हायच्या आधी येऊन बसायचा. उगाच मात्र कुणाला बोललो नाही. मागच्यानंही तिकीट काढलंय, त्याला पिक्चरऐवजी पुढच्याचं डोकं का दिसावं, एवढंच माझं म्हणणं.

मग शहराच्या कडेला काचेच्या इमारती आल्या, त्यांच्यामागून मल्टिप्लेक्स आले आणि आमच्या दाराला कुलूप लागलं. मी नारायण पेठेतली खोली सोडून कोथरूडला मुलाकडे गेलो. मुलगा आयटीत, सूनही आयटीत. दिवसभर घरात मी आणि वॉशिंग मशीन. एकदा सोसायटीच्या लिफ्टपाशी उभा राहून मी लोकांना रांगेनं आत सोडायला लागलो, तेव्हा सेक्रेटरी मुलाला भेटायला आले. खोटं कशाला सांगू, मला माझं दार परत हवं होतं. दुसरं काहीही नको होतं.

चार वर्षांनी कळलं की थेटर पुन्हा उघडतंय. जुन्या मालकांचा नातू सॉफ्टवेअरमध्ये पैसा करून आला होता आणि तो ते 'होतं तसं' करणार होता. मी बघायला गेलो. होतं तसं म्हणजे किती? खुर्च्यांना कोरं रेक्झिन लावलं होतं आणि जुने फोटो समोर ठेवून दोन कारागीर ते पूर्वी जिथे फाटलं होतं बरोबर तिथेच फाडत होते. एसी बसवला होता, पण पंख्यांची कुरकुर लोकांना आठवते म्हणून पंखे काढायच्या आधी तिचं रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं. ते स्पीकरवर लावणार होते. मी विचारलं, "आणि ढेकूण कुठून आणणार?" आर्किटेक्ट बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

या थेटरातलं तुम्हाला काय आठवतं, असं त्यांनी लोकांना विचारलं होतं. निम्म्यांनी लिहिलं, दारातला तो खडूस माणूस. त्यामुळे तीही जागा भरायची ठरली. मी अर्ज केला आणि मला मुलाखतीला बोलावलं. मी मीच आहे का, हे तपासायला.

समोर तिघं होते. नातू, आर्किटेक्ट बाई आणि एचआरची एक मुलगी.

"काका, समजा मी उशिरा आले," मुलगी म्हणाली. "माझा अपमान करा."

"अहो, पण तुम्ही वेळेवर आलायत."

"समजा ना."

"समजून कसं बोलणार? कारण नसताना बोलणं म्हणजे उद्धटपणा."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाहेर दुसरा उमेदवार बसला होता, नाटकात कामं करणारा. या तिघांना तो पाच मिनिटांत पोट धरून हसवेल, हे त्याच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं. गेलं आपलं दार, असं मी मनाशी म्हटलंसुद्धा. तेवढ्यात नातवाचा मोबाईल वाजला आणि तो तिथेच बसून मोठ्यांदा बोलायला लागला.

"बाहेर जाऊन बोलताय, का आम्ही तिघं गप्प बसून ऐकू?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी टाळ्या वाजवल्या. नोकरी मिळाली. घरी जाताना मी पेढे घेतले.

थेटर उघडलं आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की वेळेवर कुणी आतच जात नाही. माणसं अर्धा तास आधी येत आणि उशीर होण्याची वाट बघत बाहेर उभी राहत. पिक्चर सुरू झाला की दाराशी रांग लागायची. मी बोललो की हसायचे, मोबाईल वर करून फोटो काढायचे. एकजण म्हणाला, "आमच्या मिसेसनाही काहीतरी बोला ना, त्या कल्याणहून आल्यात." पूर्वी माझ्या शब्दाला माणूस खाली बसायचा. आता माझ्या शब्दापायी बसलेला उठून यायला लागला. मला स्वतःची लाज वाटायला लागली.

एका रविवारी दुपारच्या खेळाला एक वयस्कर बाई एकट्या आल्या होत्या. वेळेवर आत जाऊन बसलेल्या त्या एकट्याच. थोड्या वेळानं त्या उठून माझ्याकडे आल्या. सगळी गर्दी मधल्या वाटेत उभी होती, त्यांना पडदाच दिसत नव्हता.

"मला पहिल्यापासून बघायचा होता हो," एवढंच म्हणाल्या.

मी गर्दीवर खरोखरीचा चिडलो. गर्दी खूश झाली. मागून कुणीतरी 'वन्स मोअर' म्हणालं. मग काय करावं ते मला कळेना. मी बॅटरी विझवली आणि हात जोडले. "बाळांनो, बसा. या बाईंना दिसत नाहीये."

सगळे चटकन बसले. एकही फोटो निघाला नाही. बाईंनी पिक्चर शेवटपर्यंत बघितला आणि मी मागच्या भिंतीला टेकून त्यांच्याबरोबर बघितला. फार बरं वाटलं.

सोमवारी एचआरच्या मुलीनं वर बोलावलं. तिच्यापुढे तक्रारींचे कागद होते. लोकांचं म्हणणं, तिकीट काढून आलो आणि आमचा अपमान झाला नाही.

"काका, तुम्ही खरंच त्यांच्याशी नीट वागलात?" तिनं विचारलं.

"हो."

"परत असं नाही ना होणार?"

नाही म्हटलं असतं तर दार माझं होतं.

"होईल," मी म्हटलं. बॅटरी तिच्या टेबलावर ठेवून जिना उतरलो, आणि खाली बसस्टॉपवर मला रडू आलं.